सोमवारची सुई

माझी थोरली जाऊ कौसाक्का, तिच्या विमलचं लग्न झालं ते साल. लग्न वैशाखात होतं आणि त्या सोमवारी बरोबर पंधरा दिवस राहिले होते. ते नक्की आठवतं, कारण वॉर्डातली बादली दोघींनी मिळून उचलली तेव्हा कौसाक्का दिवसच मोजत होती.

“आज धरून पंधरा,” ती म्हणाली. “अजून हळद कुटायची ऱ्हायली, सरपण ऱ्हायलं, आन् तुझ्या दिराचा फेटा...”

पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. तिने हात बादलीतून झटकन वर घेतला.

“टोचली व्हय?” मी विचारलं.

“न्हाई. मुका घेतला,” ती म्हणाली आणि तळहात बघायला लागली.

आम्ही दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात झाडलोटीला होतो. दोघी रोजंदारीवर. कचऱ्याचा खड्डा दवाखान्याच्या पार मागे, शवागाराच्याही पलीकडे होता. एवढ्या लांब दोन खेपा नकोत म्हणून बादली भरली की आम्ही कचरा हाताने खाली दाबायचो. दाबला की वर तेवढाच कचरा मावायचा आणि एक खेप वाचायची. आमच्या आधीच्या बायकाही तसंच करायच्या. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

पण त्यांच्या वेळी काचेच्या सिरिंजा होत्या. सुया उकळून पुन्हा वापरायच्या, त्यामुळे त्या सिस्टरांच्या ट्रेमध्येच राहायच्या. मग प्लास्टिकच्या आल्या. एकदा टोचायची आणि टाकून द्यायची. पेशंटच्या दृष्टीने ते चांगलंच होतं. त्या टाकलेल्या सुया आमच्या बादलीत यायला लागल्या आणि आम्ही आपलं जुन्या सवयीने कचरा दाबतच राहिलो.

मी बादलीत वाकून बघितलं. कापसाखाली सुई लावलेली सिरिंज होती आणि तिच्या तळाशी थोडं रक्त होतं. त्या सकाळी वॉर्डात एकाच बाईचं रक्त घेतलं होतं. अकरा नंबरची. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि चार दिवसांपासून तिला अन्न ठरत नव्हतं.

कौसाक्काने कमरेची पिशवी सोडली, तंबाखूबरोबरची चुन्याची डबी काढली आणि टोचलेल्या जागेवर बोटाने चुना चोळला.

“झालं,” ती म्हणाली. “चल, उचल.”

“सिस्टरला सांगू या.”

“आन् मग? जनीचं काय झालं ते इसरलीस का?”

जनाबाई आमच्या आधी पुरुषांच्या वॉर्डात होती. तिने हाताला सुई लागल्याचं सांगितलं तर मोठ्या सिस्टरबाईंनी, हात बरा होईपर्यंत येऊ नको, असं सांगितलं. हात आठ दिवसांत बरा झाला. ती परत आली तर तिच्या जागी दुसरी बाई झाडू मारत होती.

तरी मला राहवलं नाही. खड्ड्यावरून परत आल्यावर मी भिंगारदिवे सिस्टरच्या टेबलाशी गेले. कौसाक्का मागे उभी राहिली, कधीही मला मागे खेचेल अशी.

भिंगारदिवे सिस्टर नगरकडची. वय तिशीच्या आत. आठ महिन्यांची मुलगी घरी सासूकडे ठेवून यायची, दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन तिला अंगावर पाजून यायची. आम्हाला मावशी म्हणायची. बाकीच्या ‘ए बाई’ म्हणायच्या.

“सिस्टर,” मी म्हणाले, “बादलीत सुया उघड्या येत्यात. हाताला लागत्याल कवा तरी.”

तिने लिहिणं थांबवलं. “लागली का कोणाला?”

मी मागे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. कौसाक्काची नजर मानेवर कळत होती.

“न्हाई. अजून न्हाई.”

“टोपण लावून टाकलं तर?”

“मग काय, बेस व्हईल.”

ती थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिली. मग म्हणाली, “बरं. माझ्या ड्यूटीला उघडी सुई येणार नाही तुमच्याकडे. मी लावत जाईन टोपण.”

“देव तुमचं भलं करो,” कौसाक्का मागून म्हणाली. “लग्नाला या पोरीला घेऊन. न्हाई आला तर मी पंगतीतून उठून बोलवायला यीन.”

“यजमानीण पंगतीतून उठल्यावर पाहुण्यांना वाढणार कोण?”

“म्हणून तर म्हणते, याच.”

मंगळवार, बुधवार एकही सुई उघडी आली नाही. प्रत्येक सुईला तिचं छोटं प्लास्टिकचं टोपण घातलेलं असायचं. कौसाक्का मला कचरा दाबून दाखवायची. “बघ. उशी दाबल्यागत.”

गुरुवारी सकाळी अकरा नंबरच्या बाईचा रिपोर्ट जिल्ह्याहून आला. मला वाचता येत नव्हतं, पण सिस्टरने तिच्या कॉटला लाल कागद लावला आणि मला सांगितलं, “हिची कावीळ रक्तातून पसरणारी आहे, मावशी. हिचं काही साफ करताना जपून.”

दहाच्या राउंडला मी बारा नंबरच्या कॉटखाली फडकं मारत होते. सिस्टरने अकरा नंबरला इंजेक्शन दिलं. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत टोपण. तेवढ्यात नऊ नंबरचा नवरा मागून येऊन म्हणाला, “सिस्टर, सलाईन संपलंय.” तिने मान वळवली.

मी पुन्हा फडकं मारायला वाकले. मी कॉटखालून फक्त तिचे पाय बघितले. पाय एकदम थांबले आणि मग भराभर बेसिनकडे गेले. मी बाहेर आले. ती नळाखाली डावा अंगठा धरून साबण लावत होती. एकदा धुतला, दुसऱ्यांदा धुतला. अंगठ्यावर मोहरीएवढा लाल ठिपका पुन्हा पुन्हा येत होता.

“टोपण लावताना?” मी विचारलं.

तिने मान हलवली.

“अकरा नंबरची?”

“हळू बोला, मावशी.”

“याच्यावर काय आवशीद?”

“इंजेक्शन असतं. इथे नसतं, जिल्ह्याहून मागवावं लागतं. साहेबांना रिपोर्ट करावा लागतो.”

“मग सांगा की साहेबांना.”

तिने नळ बंद केला. कापूस अंगठ्याला गुंडाळला. “वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, असा नियम आलाय आम्हाला. मागच्या महिन्यात मीटिंग झाली. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझीही आहे.”

“न्हाई लावायचं? मग तुमी कशाला लावत होता?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मुलाने साधी गोष्ट विचारावी तसं.

“तुम्ही म्हणालात ना,” ती म्हणाली. “कोणाला बोलू नका. संध्याकाळी बघते मी काय ते.”

आणि ती बारा नंबरकडे गेली. तिथे थर्मामीटर लावला, नाडी बघितली. दुपारी ती पोरीला पाजायला घरी जाणार होती, हे माझ्या डोक्यात आलं आणि हातातलं फडकं कुठे ठेवलं ते मला कळेना.

कौसाक्का खड्ड्यापाशी पालापाचोळा पेटवत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती काडी हातात घेऊन ऐकत राहिली. काडी जळत बोटापर्यंत आली तेव्हा टाकली.

“संध्याकाळी बघती म्हणली?”

“व्हय.”

“ती काय बघत न्हाई संध्याकाळी. भ्याली ती.” मग थोडं थांबून म्हणाली, “अंगावर पाजती पोरीला.”

“व्हय.”

“तिनं टोपण कुणापायी लावलं? आपल्यापायी. चल.”

“कुठं?”

“साहेबाकडं. ती न्हाई बोलली तर आपण बोलू.”

शवागारापाशी आल्यावर मी तिचा हात धरला. “अक्का, मग तुझी सोमवारची पण सांग. त्याच बाईची सुई हाय. रिपोर्ट आलाय तिचा.”

“माझी कवाच जुनी झाली. भरली बी.”

“भरली म्हणून काय झालं. सिस्टर म्हणती, रक्तातनं पसरती.”

ती थांबली. पदर सारखा केला. “सोजर, साहेबाच्या दारात कोण उभं असतं?”

साहेबांच्या दारात भानुदास शिपाई असायचा. भानुदास म्हणजे विमलच्या नवऱ्याचा सख्खा चुलता. सोयरीक त्यानेच जमवली होती. दवाखान्यात येता-जाता त्याने विमलला बघितलं होतं, डबा घेऊन येताना.

“त्याच्या कानावर गेलं ना, की माझ्या अंगात पिवळी कावीळ गेली,” कौसाक्का म्हणाली, “तर तासाभरात त्यांच्या वाड्या-वस्तीवर कळंल. लोक म्हणत्याल, मायला रोग हाय, लेकीलाबी असंल. बारा दिवस ऱ्हायल्यात. त्येवढं जाऊ दे. मग सांगू.”

“मग कवा?”

“लगीन झालं की दुसऱ्या दिवशी. आता चल मुकाट.”

भानुदास दारातच होता. कौसाक्काने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

“काय इहीणबाई,” तो म्हणाला, “साहेबांना पत्रिका द्यायला आलाव का?”

“पत्रिका छापून येऊ द्या. पयली तुमाला दीन, म्हंजे तुमीच वाटत फिराल. साहेब हायेत का?”

“हायेत. काय काम?”

“ते साहेबांना सांगते.”

साहेब म्हणजे दवाखान्याचे मोठे डॉक्टर. तरुण होते, वर्षभरापूर्वीच बदलून आलेले. कौसाक्काने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सिस्टरचं नाव, अकरा नंबर, डावा अंगठा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी म्हणाली, “तिला रागावू नका, साहेब. आमच्या हाताला लागू नये म्हणून लावत होती. नियम मोडला आसंल तर आमी मोडला.”

साहेबांनी भानुदासला पाठवून सिस्टरला बोलावलं. ती आत आली आणि आम्हाला बघितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही.

“किती वाजता?” साहेबांनी विचारलं.

“दहाच्या राउंडला.”

“आणि आता साडेअकरा. कधी सांगणार होता?”

तिने अंगठ्यावरचा कापूस घट्ट केला.

“लसीचे डोस घेतलेत तुम्ही?”

“नाही, सर.”

“टोपण का लावलं ते नंतर बघू.” त्यांनी फोन ओढला आणि जिल्ह्याला लावायला सांगितलं. फोन लागेपर्यंत तिला समजावून सांगत होते. मला त्यातलं जेवढं कळलं ते असं. त्या इंजेक्शनाने रोग अंगात मुरायच्या आत अडवता येतो. चोवीस तासांच्या आत दिलं तर चांगलंच. सात दिवसांच्या आत दिलं तरी चालतं. त्याच्या पुढे उपयोग नाही.

मी पदराआड बोटं मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

साहेबांनी फोन हाताने झाकला आणि आमच्याकडे वळले. “तुम्ही रोज कचरा उचलता. या आठवड्यात तुमच्यापैकी कोणाला सुई लागलीय का? असेल तर आत्ताच सांगा. जीप जाणारच आहे, एकाच खेपेत मागवतो. घाबरू नका, कामावरून कोणी काढणार नाही.”

असं तोवर कुठल्या साहेबाने आम्हाला विचारलं नव्हतं. त्या माणसाने विचारलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लोक म्हणाले की झाडूवाल्यांना कोण विचारतं.

भानुदास सिस्टरच्या मागोमाग आत आला होता आणि कागदांचा गठ्ठा घेऊन कपाटापाशी उभा होता.

“आमाला काय टोचतंय, साहेब,” कौसाक्का म्हणाली. “म्हशीची कातडी हाय.”

भानुदास हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मावशी, तुम्ही?”

कौसाक्काचा उजवा पाय माझ्या डाव्या पायावर होता. तिने दाबला नाही. नुसता ठेवला होता.

“न्हाई, साहेब,” मी म्हणाले.

मला टोचली नव्हती, म्हणून ते खोटं नव्हतं, अशी मी नंतर बरीच वर्षं मनाची समजूत काढली. पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं ते दोघींपैकी कोणाला, असं.

जीप बारा वाजता गेली आणि साडेचारला परत आली. बर्फाच्या डब्यात औषध होतं. सिस्टरला एक इंजेक्शन त्याचं आणि एक लसीचं दिलं. दोन दिवसांनी तिला लेखी ताकीदही मिळाली. आठवडाभर ती आमच्याशी कामापुरतंच बोलली. अकरा नंबरची बाई त्या आठवड्यात वारली. तिचा भाऊ तिला बैलगाडीतून घेऊन गेला.

विमलचं लग्न झालं. सिस्टर मुलीला घेऊन आली. कौसाक्काने त्या पोरीच्या हातात बुंदीचा लाडू दिला आणि पोरीने तो सिस्टरच्या नव्या साडीला फासला. दुसऱ्या दिवशी मी कौसाक्काला म्हणाले, आता सांग. ती म्हणाली, पाचपरतावण होऊ दे. मग म्हणाली, आषाढ जाऊ दे. सात दिवस कधीच होऊन गेले होते. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. पुढे मीही म्हणायचं सोडलं.

सहा महिन्यांनी सिस्टरचं रक्त तपासलं. स्वच्छ निघालं. तिने वॉर्डात पेढे वाटले. कौसाक्काला दोन दिले. “तुमच्यामुळे, मावशी,” ती म्हणाली.

“दोनच?” कौसाक्का म्हणाली. “जीव एवढा स्वस्त हाय व्हय तुमचा?” सगळा वॉर्ड हसला.

त्या गुरुवारनंतर दवाखान्यात बरंच बदललं आणि ते सिस्टरने बदललं. टोपण लावणं तिने कायमचं बंद केलं. फिनेलचे रिकामे जाड कॅन धुऊन घेतले, झाकणाला भोक पाडून ट्रॉलीला बांधले. सुई वापरली की तिथल्या तिथे त्यात. कॅन पाऊण भरला की बंद. आम्हाला जाड हातमोजे आणि लांब चिमटे आले. कचरा कोणी हाताने दाबताना दिसलं की ती लांबून हाक मारायची. साहेबांनी एक नोंदवही सुरू केली. ज्याला सुई लागेल त्याने त्यात नाव लिहायचं, कोणी रागावणार नाही. तीन वर्षांनी झाडूवाल्यांनाही लस आली. मी तिन्ही डोस घेतले. कौसाक्का पहिल्या दिवशी रजेवर राहिली, दुसऱ्या वेळी विमलच्या बाळंतपणाला गेली. तिसऱ्या वेळी म्हणाली, मला सुईची भीती वाटती. लोकांना ती थट्टा वाटली.

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तिचे पाय सुजायला लागले. मग पोटात पाणी झालं. तेव्हा रक्त तपासलं आणि तो रोग निघाला, जो अकरा नंबरच्या बाईला होता. तो त्याच सुईने झाला असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टरही नाहीत. तिला आयुष्यात बऱ्याच सुया लागल्या असतील.

सिस्टर तोवर मोठी सिस्टर झाली होती. ती कौसाक्काला बघायला घरी आली आणि निघताना मला अंगणात घेऊन गेली.

“मावशी, खरं सांगा. कधी लागली होती सुई?”

मी सांगितलं. “तुमच्या आधी तीन दिवस. त्याच बाईची.”

ती पायरीवर बसली.

“टेबलाशी आला होतात त्या दिवशी?”

“व्हय. त्याच दिवशी.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“व्हय.”

“साहेबांनीही विचारलं होतं.”

“व्हय.”

तिने मला दोष दिला नाही. उठली, साडी झटकली आणि गेली. दर महिन्याला औषधं घेऊन येत राहिली.

कौसाक्काला मी एकदाच म्हणाले. तिच्या पोटातलं पाणी काढून आणलं होतं आणि ती उशीला टेकून बसली होती.

“अक्का, मी त्या दिवशी साहेबाला सांगायला पायजे होतं.”

“आन् लगीन मोडलं असतं.”

“मोडलं असतं तर दुसरं जमलं असतं.”

“विमलला तीन लेकरं हायेत,” ती म्हणाली. “त्यातलं कंचं परत देती, सांग.”

मी तिच्या पाठीची उशी सारखी केली.

मी कामावरून सुटल्यावर वस्तीवरच्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले. वाचता यायला लागल्यावर एकदा औषधं आणायला दवाखान्यात गेले होते. तिथल्या नव्या सिस्टरला विचारून ती जुनी नोंदवही बघितली. पहिल्या पानावर पहिलंच नाव होतं. शीला भिंगारदिवे, डावा अंगठा, कॉट अकरा. वार गुरुवार. त्या वर्षाच्या पानावर दुसरं नाव नव्हतं. मी त्या नव्या सिस्टरकडे पेन मागितलं. तिने कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं. जुन्या वहीत आता लिहिता येत नाही, असं ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. म्हणून हे घरी बसून लिहिलं.

भिंगारदिवे सिस्टर निवृत्त होऊन नगरला असतात. तब्येत चांगली आहे. माझी थोरली जाऊ कौसल्या किसन लोंढे १६ ऑगस्ट २०११ रोजी, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, त्याच दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात वारली. तिचं वय तेव्हा एकोणसाठ होतं.